खोली बारा फूट

कडी दोनदा वाजली आणि थांबली.

इचलकरंजीत शांतता म्हणजे लाईट गेलेली असायची. एरवी गल्लीतल्या घराघरामागं यंत्रमाग खडखडत असायचे आणि आम्ही सगळे त्या खडखडाटाच्या वरच्या पट्टीत बोलायचो. साखर मागायची तरी भांडल्यासारखी. लाईट गेली की माग एकदम गप्प व्हायचे, आणि इतका वेळ दबून बसलेले घरातले बारीकसारीक आवाज बाहेर यायचे. त्या रविवारी दुपारी तशीच लाईट गेली होती, म्हणून ती कडी घरभर ऐकू आली.

"दार उघडंच आहे," आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

दार उघडंच असायचं. तरी बाबा दर रविवारी कडी वाजवायचे. मग देवळाबाहेर काढावेत तसे सावकाश बूट काढून, ते भिंतीला नीट लावून आत यायचे. माझ्या हातात भडंगाचा पुडा द्यायचे आणि आजोळच्या त्या मोठ्या खुर्चीच्या अगदी कडेला बसायचे, कुणी ऊठ म्हटलं तर पटकन उठता यावं असे.

"ऊन फार आहे," बाबा म्हणाले.

"आहे."

"मशीनला तेल घातलंस वाटतं."

"घातलं."

मी मशीनच्या खणात हात घालून बसले होते. त्या खणात बटणं, हुक, खडूचे तुकडे, एक किल्ली, मोडक्या सुया असं काय काय असायचं, आणि मोठी माणसं बोलायला लागली की तो खण आवरणं हे माझं काम असायचं.

"मग?" बाबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "खोलीचं काय?"

"काय काय?"

"एकदा बघायला तर…"

"बघू."

"बघू बघू म्हणता जून येईल, कुमुद."

"आला तर येऊ दे. वृषाचं नाव इथल्या शाळेत घालायचं. आप्पा हेडबाईंशी बोलून आलेत."

आप्पांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, नाव आल्यावर बाबा गप्प बसले. गप्प बसणं बाबांना फार चांगलं यायचं.

कोल्हापुरात आम्ही काका-काकूंबरोबर राहायचो. एक दिवस काकूनं आईचं मशीन अडचण होते म्हणून माळ्यावर चढवलं. आईनं बाबांकडं पाहिलं, आणि बाबा पेपर वाचत राहिले. एवढंच मला आठवतं. परीक्षा संपल्यावर आम्ही आजोळी आलो तेव्हा मशीनही टेंपोतून बरोबर आलं, आणि त्यावरून गल्लीतल्या बायका काय ते समजल्या. त्यांना आजी सांगायची, "कोल्हापुरात खोली मिळंना झालीय. मिळाली की जातील." मला त्यातून एवढंच कळलं होतं की जूनच्या आत कुणीतरी खोली बघायला पाहिजे. बाबा फौंड्रीत, त्यांना सुट्टी फक्त रविवारी. आईला मशीन. कुणी बघतच नव्हतं, मग ती मिळणार कशी? आणि नाही मिळाली तर बाबा जन्मभर रविवारी येऊन कडी वाजवत राहणार.

माझी मावशी, बेबीमावशी, त्या उन्हाळ्यात नगरपालिकेच्या टँकवर पोहायला जायची. कॉलेज संपलं होतं, लग्नाचं बघत होते, आणि कुणीतरी तिला म्हणालं होतं की पोहल्यानं अंग हलकं होतं.

"काळी पडशील," आजी म्हणायची. "बघायला आलेला पाव्हणा परत जाईल."

"जाऊ दे की. पोहत पाठलाग करते त्याचा."

एकटीला सोडत नव्हते, म्हणून तिनं मला बरोबर घेतलं. पोरीला शिकवायला नेते म्हणाली. आईनं जुन्या अस्तराच्या कापडातून मला झालरीचा ड्रेस शिवून दिला.

बायकांची बॅच चार वाजता असायची. पहिल्या दिवशी मी काठावर उभी राहिले आणि पाण्याआधी मला भिंतीवरची अक्षरं दिसली. मी नुकती पहिली पास झालेली, दिसेल ते वाचत सुटायची. दुकानाच्या पाट्या, एसटीच्या पाट्या, भडंगाच्या पुड्याचा तेलकट कागद. उथळ बाजूला निळ्या रंगात लिहिलं होतं, 'खोली ३ फूट'. आणि पार पलीकडं, उडी मारायच्या फळीखाली, 'खोली १२ फूट'.

मी दोनदा वाचलं.

"मावशी, इथं खोली आहे?"

"आहे की. पाटी दिसत नाही?" मावशी केसांवर टोपी ओढत होती.

"बारा फुटांची?"

"बारा. तिकडं पाऊल टाकायचं नाही तू. डबा सुटल्याशिवाय तर नाहीच नाही."

"तिथं कोण राहतं?"

"कोण राहतंय! तिथं राहायला गेलेलं माणूस परत वर येतंय होय?"

म्हणजे खोली एवढी चांगली होती की एकदा गेलेलं माणूस परत यायला तयार नाही. आणि सध्या रिकामी होती. आमच्या घरात दिवसभर दहा बाय दहा, दहा बाय बारा असंच चाललेलं असायचं, त्यामुळं बारा फूट म्हणजे मोठी हे मला ठाऊक होतं. तीन फुटांच्या खोलीत आईचं मशीनसुद्धा मावलं नसतं.

मी घरी कुणाला बोलले नाही. बघितल्याशिवाय सांगण्यात काय अर्थ? 'बघू' म्हणाली असती आई.

नवीन पोरींच्या पाठीला माने मॅडम डबा बांधायच्या. तेलाचा पत्र्याचा डबा, तोंड डाख देऊन बंद केलेला, कमरेला नाडीनं आवळून. तो पाठीवर असला की माणूस काही केल्या बुडत नसे. ज्या पोरीला नीट पोहायला येईल तिचा डबा सुटायचा, आणि 'अमकीचा डबा सुटला' ही बातमी लग्न जमल्यासारखी गल्लीत पोचायची. इतर पोरींना डबा सुटायची भीती वाटायची. माझं उलटं होतं. डबा मला वर धरून ठेवायचा, आणि मला तर खाली जायचं होतं.

"मॅडम, माझा डबा कधी सुटणार?"

"पाय मार आधी. बेडकासारखे. बेडूक बघितलायस का?"

"हो."

"मग कोंबडीसारखे का मारतीस?"

माने मॅडम पाण्यात कधी उतरायच्या नाहीत. काठावरून हातात लांब बांबू घेऊन, गळ्यात शिट्टी अडकवून, डोक्यावर टॉवेल टाकून फिरायच्या. मी त्यांच्या मागं मागं असायची. खोलीत दिवे लागतात का, विचारलं. त्या म्हणाल्या, दिवे कशाला, उन्हं असतात तोवरच टँक चालू असतो. खोली साफ कोण करतं, विचारलं. तर म्हणाल्या, पाणी सोडून दिलं की शिपाई आत उतरून ब्रशनं घासतात, चकाचक. पुढची एक मोठी मुलगी म्हणाली की तळापाशी भिंतीत लोखंडी जाळी आहे, तिनं स्वतः बघितली आहे. खिडकी! उथळ बाजूला उभं राहून मी पाण्यात तोंड घालायची आणि डोळे उघडून तिकडं बघायची. लांबवर निळं गडद होत गेलेलं दिसायचं, पडदा सोडल्यासारखं. पडद्यापलीकडं काय आहे ते मात्र दिसायचं नाही. मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या पाय मारायची. आई म्हणायची, "अगं, माझी कंबर मोडशील." पण जवळ घ्यायची.

मे महिना संपत आला. आजीनं माझ्यासाठी इथल्या शाळेच्या गणवेशाचं कापड आणून ठेवलं. आईनं ते मशीनवर ठेवलं, पण कापलं नाही.

त्याच्या पुढच्याच रविवारी बाबा येऊन खुर्चीच्या कडेला बसले होते. खोलीचं विचारून झालं होतं, 'बघू' म्हणून झालं होतं. तेवढ्यात मावशी टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आली.

"उठा भावजी. आज तुमच्या लेकीचा डबा सुटणार आहे. ताई, तूही ऊठ. ते मशीन काय पळून जाणार आहे?"

"बायकांच्या बॅचला मी कसा येणार?" बाबा म्हणाले.

"जाळीच्या बाहेर उभं राहायचं. बाहेरून बघायला काही बंदी नाही. तसंही तुम्ही सगळं बाहेरूनच बघता."

आई चटकन म्हणाली, "बेबी!" पण उठली.

रस्त्यानं मावशी आणि मी पुढं, आई-बाबा मागं. दोघांच्या मधून एक सायकलवाला निघून गेला, एवढं अंतर.

डबा सोडताना माने मॅडमनी नाडीची गाठ दातांनी सोडली. पाठ एकदम हलकी आणि उघडी वाटली. मी या काठापासून त्या काठापर्यंत आडवी गेले, उथळ बाजूनं, तोंडात भरपूर पाणी घेत. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी ओरडली, "सुटला गं बाई!" मी जाळीकडं बघितलं. बाबा हसत होते. मग ते आईला काहीतरी सांगू लागले आणि आई जाळीच्या तारेत बोट अडकवून ऐकत राहिली. खोलीचंच असणार. मी मनात म्हटलं, थांबा जरा, आत्ता सांगते.

मॅडम पुढच्या पोरीच्या पाठीला माझा डबा बांधत होत्या. मावशी केस पिळत होती. मी काठाकाठानं चालत गेले. पाच फूट. आठ फूट. पाटीखाली पोचले, ती एकदा नीट वाचून घेतली, नाक धरलं आणि मुटका मारला.

आधी नुसता फेस. मग फेस वर निघून गेला आणि सगळं शांत झालं, गावातले सगळे माग एका वेळी बंद पडावेत तसं. मी डोळे उघडले.

खोली होती.

चारी बाजूंना भिंती होत्या, पांढऱ्या-निळ्या फरशांच्या. खाली जमीन, आत्ताच कुणीतरी झाडून गेल्यासारखी. एका भिंतीत चौकोनी जाळी. जमिनीवर केसांची एक पिन चमकत होती, म्हणजे पूर्वी इथं कुणीतरी बाई राहून गेली असणार. वर छप्पर हलत होतं आणि त्यातून गाळलेला उजेड खाली येत होता. मी ठरवून टाकलं, मशीन जाळीखाली. उजेड डाव्या हाताचा लागतो आईला. अंथरुणं त्या कोपऱ्यात. बाबांचे बूट… दार कुठं आहे ते बघायला मी वळले, तेवढ्यात पाण्यानंच मला उचलून वर नेलं. अजून बघायचं होतं मला. पण पाय आपोआप बेडकासारखे हलले, डोकं बाहेर आलं, आणि हाताला शिडी लागली.

वर सगळा गोंधळ चालला होता. शिट्टीवर शिट्टी. बायका किंचाळून टॉवेल ओढून घेत होत्या. फाटकातून एक माणूस बुटांसकट पळत येत होता आणि माने मॅडम बांबू आडवा धरून ओरडत होत्या, "अहो! अहो, पुरुष! पुरुषांची बॅच सकाळी असते!"

तो माणूस बांबूखालून वाकून गेला. ते बाबा होते. शिडीला धरलेली मी त्यांना दिसलेच नाही. ते नेमके पाटीखाली आले आणि कपड्यांसकट त्यांनी उडी टाकली.

मला इतका आनंद झाला!

"आई!" मी ओरडले. "आई, बाबा खोली बघायला गेले!"

आई जाळीपलीकडं नव्हती. तीही फाटकातून आत धावत येत होती, पदर सुटलेला, एक चप्पल मागं पडलेली. तिचं तोंड असं झालं होतं की मी पुढचं बोललेच नाही. बाबांना पोहायला येत नाही हे मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.

बाबांचा हात वर आला. मग डोकं आलं, आणि गेलं.

"बांबू धरा! अहो, बांबू धरा! तिकडं कुठं जाताय!" मॅडम ओरडत होत्या. मावशीनं सूर मारला. थोड्या वेळानं ती शर्टाच्या कॉलरला धरून बाबांना ओढत काठाशी आली, आणि आईनं वाकून दोन्ही हातांनी त्यांची बाही अशी पकडली की ती उसवलीच.

बाबा काठावर बसून खोकले. नाका-तोंडातून पाणी येत होतं. पण त्यांनी डोळे मात्र घट्ट मिटून घेतलेले.

"वृषा कुठंय? वृषा?"

"मी इथंच आहे, बाबा. तुम्ही डोळे का मिटलेत?"

"बायका आहेत ना गं सगळ्या," बाबा धापा टाकत म्हणाले.

कुणीतरी फिसकन हसलं. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले. "बाबा, दिसली का तुम्हाला?"

"काय?"

"खोली! मी बघितली. सगळी बघितली. रिकामी आहे, स्वच्छ आहे, खिडकीपण आहे. मशीन खिडकीखाली बसतंय. आता जूनच्या आत जाता येईल ना?"

"कसली खोली, बाळा?"

"ती काय, लिहिलंय की. डोळे उघडा आणि वाचा."

बाबांनी डोळे उघडले. पाटी वाचली. आधी मावशीला कळलं, ती "अगं माझे आई" म्हणत काठावर बसली आणि हसत सुटली. मग मॅडम हसल्या, मग सगळी बॅच. टॉवेल गुंडाळलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "खोली म्हणे! राहायची खोली!" मला फार राग आला. मी आईकडं बघितलं. ती हसत नव्हती. ती पाटीकडं बघत होती, मग माझ्याकडं, मग पुन्हा पाटीकडं.

तिनं पदरानं बाबांचं डोकं पुसायला घेतलं. सगळ्यांसमोर. जोरजोरात, माझं पुसायची तसं.

"पोहायला येत नाही ना तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"मग काय."

एवढंच बोलले ते. आई पुसायची थांबली आणि त्यांच्या पायांकडं बघत राहिली. एकाच पायात बूट होता. दुसरा खोलीत राहिला होता.

संध्याकाळच्या एसटीत आम्ही तिघं होतो. बाबांनी आप्पांचा ढगळ शर्ट घातला होता आणि पायांत आप्पांच्या चपला, त्या चालताना फटफट वाजत होत्या. उरलेला बूट आईनं पिशवीत घेतला होता. मशीन घेतलं नव्हतं. "जाऊन येते," एवढंच आई आजीला म्हणाली होती. मावशीनं खिडकीतून हात घालून माझा गाल ओढला.

कोल्हापुरात उतरल्यावर आम्ही काकांच्या घराकडं वळलो नाही. दोन गल्ल्या अलीकडंच एका जिन्यानं वर गेलो. वर एक दार होतं, त्याला कुलूप. बाबांनी खिसे चाचपले नाहीत. ते बाजूला सरकून उभे राहिले.

आईनं बटवा काढला, त्यातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

ती किल्ली मी ओळखली. बटणं आणि हुकांमध्ये ती उन्हाळाभर माझ्या बोटांखालून फिरत होती. मला वाटायचं मशीनच्या पेटीची असेल.

आत एक दिवा, एक पाण्याची कळशी आणि कोरा वास होता. भिंतींना बाबांनी स्वतः रंग दिलेला दिसत होता, कोपऱ्यांत ब्रश नीट पोचला नव्हता. निळसर रंग. खिडकीपाशी एक स्टूल ठेवलेलं होतं, मशीनसमोर ठेवतात तसं, डाव्या हाताला उजेड येईल असं. समोर मशीनच नव्हतं, त्यामुळं ते स्टूल उगीच भिंतीकडं बघत बसलंय असं वाटत होतं.

आई उंबऱ्यात बराच वेळ उभी राहिली. मी तिचा हात ओढला. "बघ ना आई. त्या खोलीपेक्षा लहान आहे, पण दार आहे."

मग ती आत गेली आणि स्टुलावर बसली.

पुढच्या आठवड्यात मशीन आलं. शाळेच्या गणवेशाचं ते कापड बेबीमावशीच्या उशांच्या अभ्र्यांना गेलं. त्या खोलीत मी लहानाची मोठी झाले. बाबांनी पुढं कधीही कडी वाजवली नाही आणि ते पोहायलाही शिकले नाहीत. घरात काही झालं की गप्प बसायची त्यांची सवयही काही गेली नाही. आई म्हणते, "माणूस एकदाच उडी मारतो, रोज रोज थोडीच?"

बाबांनी किल्ली दिलेली असूनही इतके दिवस का गेली नव्हतीस, आणि त्या दिवशीच का गेलीस, हे मी आईला खूपदा विचारलंय. ती दर वेळी एकच सांगते. "एका बुटावर त्यांना एसटीत एकटं कसं पाठवायचं?"

आता आमच्या इथल्या टँकवरही तशीच पाटी आहे. माझ्या लेकीला, जुईला, अजून जोडाक्षरं येत नाहीत, पण या दोन अक्षरांत जोडाक्षर नाहीच. परवा काठावर उभी राहून तिनं बोट ठेवून वाचलं, "खो… ली," आणि विचारलं, "आई, कुणाची खोली?" म्हणून घरी येताना तिला हे सगळं सांगावं लागलं. बूट, बांबू, मिटलेले डोळे. आजोबा बुडायला लागले तिथं ती पोट धरून हसली. मला तीन वेळा सांगायला लावलं.

ती दुपारी झोपते तेवढ्यात हे लिहायला बसले होते. अर्ध्यातच पावलं वाजली. उशीचे वळ गालावर घेऊन ती आली, माझ्या मांडीवर चढली आणि वहीवर हात ठेवून विचारात पडली. आता हसत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "आजोबांना पोहायला येत असतं, तर आजी गेली असती?"